न नोंदलेला खांदा

सेरेब्रल पाल्सी, म्हणजेच मेंदूचा पक्षाघात, हा लहान मुलांचा विषय आहे अशी समजूत महाराष्ट्रात इतकी खोल रुजली आहे की या अवस्थेसह वाढलेली माणसे तिशी-चाळिशी ओलांडतात, नोकरीला लागतात, संसार करतात आणि यथावकाश म्हातारीही होतात, याकडे लक्ष जायला फार उशीर झाला. १९७२ साली मिठू अलूर यांनी मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली तेव्हा प्रश्न शाळेचा होता. ज्या मुलांना कोणतीही शाळा दारात उभी करत नव्हती त्यांना शिकवायचे कुठे आणि कसे, हा तो प्रश्न होता. पुढच्या दशकांत निदान शहरांपुरती त्याला उत्तरे मिळू लागली, विशेष शाळा निघाल्या आणि फिजिओथेरपी, म्हणजे व्यायाम व हालचालींच्या साहाय्याने केले जाणारे उपचार, पालकांच्या परिचयाची झाली. त्याच काळात पुण्याच्या वायव्येला एक संपूर्ण नवे शहर उभे राहत होते. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्सपासून सुरू झालेली पिंपरीची औद्योगिक वाढ १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाच्या आधाराने चिंचवड, आकुर्डी आणि भोसरीकडे पसरली, तिथे १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महानगरपालिका झाली, आणि नंतर ही वाढ नाशिक रस्त्याने मोशी ओलांडून, एके काळी किल्ल्यासाठी आणि कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणच्या माळरानावर मोटारींचे कारखाने घेऊन गेली. मराठवाडा, खानदेश, सोलापूर, सातारा अशा भागांतून कामासाठी आलेल्या कुटुंबांत या पट्ट्यात जी मुले जन्मली, त्यांत सेरेब्रल पाल्सी असलेलीही होती, आणि ती आता मोठी झाली आहेत. त्यांची तक्रार ऐकून घेतली तर ती बहुतेकदा पायांपाशी थांबत नाही. पाय पहिल्यापासून तसेच होते, असे सांगून झाल्यावर बोलणे खांद्याकडे वळते: खांदा धरतो, रात्री कळ लागते, हाताला मुंग्या येतात, बोटे बधिर होतात.

या तक्रारीकडे जे दुर्लक्ष होते त्याचे मूळ, विचित्र वाटले तरी, एका अचूक वैद्यकीय विधानात आहे. गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात वाढत्या मेंदूला इजा झाली, मग ती मुदतपूर्व जन्मामुळे असो, प्राणवायू कमी पडल्यामुळे असो, तीव्र कावीळ मेंदूपर्यंत पोचल्यामुळे असो किंवा संसर्गामुळे असो, तर स्नायूंचा ताण, तोल आणि हालचालींवरचे नियंत्रण कायमचे बिघडते. या बिघाडाला सेरेब्रल पाल्सी म्हणतात आणि मेंदूतील ही इजा पुढे वाढत नाही, असे प्रत्येक पाठ्यपुस्तक सांगते. हे विधान खरे आहे. परंतु इजा स्थिर असली तरी ती ज्या शरीरातून वावरते ते शरीर स्थिर नसते. ताठर स्नायू वर्षानुवर्षे हाडांना एकाच दिशेने ओढत राहतात, सांधे त्यांच्या घडणीत नसलेली कामे करतात, आणि निरोगी माणसाला पन्नाशी-साठीत जाणवणारी झीज इथे पंचविशीत किंवा तिशीत दाराशी येते. विविध देशांतील प्रौढांची माहिती एकत्र करून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात सेरेब्रल पाल्सी असलेल्या सुमारे ७० टक्के प्रौढांनी वेदना असल्याचे नोंदवले होते. मेंदूची इजा वाढत नाही, या वाक्याचा अर्थ घरात, दवाखान्यात आणि कारखान्यात मात्र असा घेतला जातो की आता काही नवे घडणार नाही. आणि जे नवे घडते ते जुन्याच नावाखाली टाकून दिले जाते.

खांदा हा भार वाहण्यासाठी घडलेला सांधा नव्हे, ही गोष्ट या साऱ्या विचाराच्या मुळाशी आहे. कंबरेच्या सांध्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा खोल वाटीत बसलेला असतो, कारण त्याला देहाचे वजन पेलायचे असते. खांद्यात मात्र दंडाच्या हाडाचा माथा उथळ बशीवर ठेवलेल्या चेंडूसारखा असतो आणि कोणत्याही क्षणी त्याचा जेमतेम चौथा किंवा तिसरा हिस्सा त्या बशीला टेकलेला असतो. त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम हाडे करत नाहीत. रोटेटर कफ या नावाने ओळखला जाणारा चार लहान स्नायूंचा समूह आणि पाठीच्या फऱ्याला बांधून ठेवणारे मोठे स्नायू ते करतात. हात आकाशाकडे, पाठीमागे, आडवा, कसाही फिरावा यासाठी निसर्गाने स्थैर्याचा बळी दिला आणि स्नायूंच्या सहकार्यावर सारा विश्वास टाकला. सेरेब्रल पाल्सीत नेमके हे सहकार्यच बिघडलेले असते. छातीचा मोठा स्नायू आणि फऱ्याच्या आतल्या बाजूचा स्नायू ताठर झाले की दंड आत वळतो आणि अंगाशी आवळला जातो. अशा स्थितीत हात वर उचलला की खांद्याच्या टोकाखालची आधीच अरुंद असलेली जागा आणखी आवळते, तिच्यातून जाणारा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, चिमटला जातो आणि फळीवरचा डबा काढताना किंवा वेणी घालताना एकदम चमक निघते.

ज्यांच्या शरीराची एकच बाजू बाधित असते, म्हणजे ज्यांना हेमिप्लेजिया असतो, त्यांच्यात दुखणारा खांदा पुष्कळदा चांगल्या बाजूचा असतो, आणि हे ऐकून घरच्यांना आश्चर्य वाटते. वास्तविक त्यात आश्चर्य काही नाही, कारण दोन हातांची कामे तीस वर्षे एकाच हाताने केलेली असतात. डायप्लेजिया, म्हणजे मुख्यतः दोन्ही पाय बाधित असण्याच्या प्रकारात, गोष्ट आणखी स्पष्ट असते. कुबड्या किंवा वॉकर घेऊन चालणाऱ्या माणसाच्या प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाचा मोठा वाटा मनगट, कोपर आणि खांदा यांतून जमिनीकडे जातो, तर लिफ्ट नसलेल्या चार मजली इमारतीत कठड्याला धरून स्वतःला वर ओढत नेणारा माणूस जिना चढतो तो पायांनी कमी आणि खांद्यांनी अधिक. चाकाची खुर्ची हाताने ढकलणारे, खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत स्वतःला उचलून ठेवणारे, घरातल्या उंबऱ्यावरून आणि रस्त्यावरच्या गतिरोधकांवरून रोज जाणारे, या सर्वांच्या खांद्यांनी कंबरेचे काम पत्करलेले असते. तरीही दिव्यांगत्वाच्या कागदपत्रांत पायांची ताठरता, चालण्याची पद्धत आणि बोलण्यातली अडचण यांची नोंद असते, आणि ज्याच्या जोरावर हे सगळे निभावले जाते त्या खांद्याविषयी एक शब्दही नसतो.

मुंग्यांची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक गंभीर आहे. वेदना स्नायूची, कंडऱ्याची किंवा सांध्याची असू शकते. मुंग्या येणे आणि बधिरपणा ही मात्र नसांची भाषा आहे, आणि ती कुठे उमटते यावरून दाब कुठे आहे याचा बराचसा अंदाज बांधता येतो. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची एक कड बधिर होत असेल आणि त्रास पहाटे झोपमोड करण्याइतका वाढत असेल, तर मनगटाच्या बोगद्यात मध्यवर्ती नस दाबली जाण्याची शक्यता मोठी असते. कुबडीच्या मुठीवर वर्षानुवर्षे वजन टाकणाऱ्यांत आणि ज्यांचे मनगट ताठरपणामुळे सतत वाकलेले असते त्यांच्यात तिला पुरेसे कारणही असते. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागात मुंग्या येत असतील तर दोष बहुधा कोपराशी असतो, कारण कायम दुमडलेल्या किंवा खुर्चीच्या हातावर टेकलेल्या कोपरात तिथून जाणारी नस ताणली आणि दाबली जाते. बगलेत अडकवायच्या कुबड्यांवर लोंबकळत चालल्यास बगलेतच नस चेपते आणि मनगट लुळे पडू शकते; कोपराखाली धरायची कुबडी त्या दृष्टीने बरी, पण ती मनगटावरचा भार कमी करत नाही. मानेतून निघून गळपट्टीच्या हाडाखालून बगलेत उतरणारा नसांचा मोठा गुंता ताठर मान आणि पुढे आलेले खांदे यांच्यामध्ये आवळला गेला तर मुंग्या एका बोटापुरत्या राहत नाहीत, साऱ्या हातात पसरतात.

सर्वांत जपायची जागा मानेची. सेरेब्रल पाल्सीच्या डिस्कायनेटिक प्रकारात, ज्यात हात, चेहरा आणि मान यांच्या अनैच्छिक, पिळवटणाऱ्या हालचाली होतात, मान दिवसभरात असंख्य वेळा वळते, झटकते आणि मागे ओढली जाते, आणि मणक्यांमधल्या चकत्यांना तो घर्षणाचा भार तरुणपणीच सोसावा लागतो. जपानमधील शल्यविशारदांनी या प्रकारच्या १८० रुग्णांच्या मानेची तपासणी करून १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निम्म्याहून किंचित अधिक जणांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या, आणि सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत हे प्रमाण सुमारे आठपट होते. चकती झिजली, मणक्यांच्या कडांना हाडाचे कोंब फुटले आणि मज्जारज्जूची वाट अरुंद झाली की दाब एका नसेवर न राहता मुख्य प्रवाहावरच येतो. मग दोन्ही हातांत मुंग्या येतात, शर्टाची बटणे लावायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो, हातातला पेला निसटतो, मान खाली घालताच पाठीतून विजेसारखी सणक जाते, चालणे खालावते आणि लघवीवरचा ताबा बदलतो. सामान्य माणसात यातले एक लक्षण दिसले तरी डॉक्टर सावध होतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसात मात्र हात अडखळणे आणि चाल बिघडणे ही जन्मापासूनची ओळख असल्याने, त्यात पडलेली भर कोणाच्या ध्यानात येत नाही. केशकर्तनालयात दाढी झाल्यावर मान कडकन मोडून घेण्याची जी सर्वत्र सवय आहे ती अशा मानेसाठी धोक्याची आहे, आणि दुखऱ्या खांद्यावर जोरकस मालिश करणाऱ्यांनी मानेला हिसका देणेही तितकेच धोक्याचे आहे. हे प्रत्येक घराला कोणीतरी आवर्जून सांगायला हवे.

जुन्या नावाखाली टाकून देण्याची घाई आणखी एका ठिकाणी नडते. मुंग्यांचे कारण सेरेब्रल पाल्सीशी अजिबात संबंधित नसणे हेही शक्य असते, आणि पुणे जिल्ह्यात तर त्याचा विचार आधी व्हायला हवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा गावांत जो मातृपोषणाचा अभ्यास केला, त्यात जवळपास दोन तृतीयांश गर्भवती स्त्रियांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आढळले होते. शाकाहारी आणि दूधदुभते बेताचे असलेल्या घरांत ही उणीव सहज राहून जाते, ती नसांवर परिणाम करते, आणि एका साध्या रक्ततपासणीने ओळखता येते. मधुमेहाचेही तसेच. अनेक वर्षे फेफऱ्याची औषधे घेणाऱ्यांनी त्या औषधांविषयीही डॉक्टरांशी बोलून घेणे इष्ट असते. ज्या माणसाला एक मोठे निदान बालपणीच मिळालेले असते त्याला लहान निदाने मिळेनाशी होतात, हा त्याच्यावर होणारा फार मोठा अन्याय आहे.

या अन्यायात भाषेचाही भाग आहे. बोलण्याच्या स्नायूंवर नियंत्रण कमी असल्याने ज्यांचे उच्चार अस्पष्ट होतात, त्यांना तपासणीच्या खोलीत पुष्कळदा प्रश्नच विचारले जात नाहीत; पस्तिशीतल्या मुलीच्या किंवा मुलाच्या देखत डॉक्टर आईला विचारतात, याला कुठे दुखते. आई जे पाहते ते सांगते, आणि मुंग्या बाहेरून दिसत नसल्याने त्या सांगायच्या राहून जातात. कोणत्या बोटांत, कोणत्या वेळी, मान कशी ठेवल्यावर, ही माहिती फक्त ज्याचा हात आहे त्याच्यापाशी असते, आणि ती मिळवायला दोन मिनिटे थांबून ऐकावे लागते, हाताचे चित्र पुढे ठेवून बोट दाखवू द्यावे लागते. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात ही दोन मिनिटे काढणे कठीण आहे हे मान्य करूनही, ती काढण्यावाचून दुसरा उपाय दिसत नाही.

कारखान्यांच्या या पट्ट्याच्या स्मरणात दिव्यांगत्वाची एक तेजस्वी प्रतिमा आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवणारे मुरलीकांत पेटकर पुढे पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरीला होते. त्यांच्या जिद्दीविषयी वाटणारा आदर सर्वथा रास्त आहे. मात्र युद्ध किंवा अपघात ज्याच्या आयुष्याला पूर्वी आणि नंतर अशा दोन भागांत विभागतो त्या माणसाच्या शरीरात बदल झाला हे सर्वांना दिसते, तारखेनिशी दिसते. सेरेब्रल पाल्सीत अशी तारीख नसते, बदल महिन्या-महिन्याने होतो, आणि जिद्दीच्या कथा ऐकत वाढलेला तरुण दुखणे सांगण्यापेक्षा सोसणे पसंत करतो.

सोसण्याला इथे आर्थिक कारणही आहे. मोटारींच्या आणि त्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत काम सेकंदांत मोजले जाते. एका फेरीचे काम किती वेळात पूर्ण व्हावे याचे गणित मांडलेले असते आणि लाइनवरचा प्रत्येक जण त्या गणितात बसवलेला असतो. दर्जा तपासणी, पॅकिंग, वायरिंग हार्नेसची जुळणी किंवा संगणकावरच्या नोंदी अशी बैठी कामे सेरेब्रल पाल्सी असलेली अनेक माणसे उत्तम करू शकतात, पण तेच काम तेवढ्याच वेळात करताना त्यांचे स्नायू एकमेकांविरुद्ध ओढत असल्याने त्यांना कितीतरी अधिक शक्ती खर्चावी लागते, आणि हा जादा खर्च कोणत्याही तक्त्यात दिसत नाही. त्यात नाशिक फाट्यापासून चाकणपर्यंतच्या कोंडीत बसच्या वरच्या दांडीला एका हाताने लोंबकळत केलेला प्रवास असतो. कामाच्या जागी योग्य स्वच्छतागृह नसल्याने तासन्‌तास दाबून ठेवलेली लघवी असते, आणि भरलेले मूत्राशय, थंडी, मानसिक ताण व वेदना या चारही गोष्टींनी स्नायूंचा ताठरपणा वाढतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. वेदनेने ताठरपणा वाढतो, ताठरपणाने वेदना वाढते, आणि कंत्राट पुढे वाढवले जाईल की नाही या काळजीत असलेला कामगार ही साखळी कोणाला सांगत नाही.

कायद्याने काही दारे उघडली आहेत. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. सेरेब्रल पाल्सीचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे, आणि खासगी आस्थापनांनीही समान संधीचे धोरण जाहीर करावे अशी त्यात तरतूद आहे. व्यक्तीच्या गरजेप्रमाणे कामाच्या जागेत व पद्धतीत करायचे योग्य बदल ही संकल्पना त्यात आहे, आणि खांद्याच्या बाबतीत हे बदल आश्चर्य वाटावे इतके स्वस्त असतात: टेबलाची उंची कोपराच्या पातळीवर आणणे, वारंवार लागणाऱ्या वस्तू खांद्याच्या वर न ठेवणे, खुर्चीला पाय टेकायला आणि हात विसावायला मऊ आधार देणे, दर तासाला थोडी विश्रांती देणे. कर्मचारी राज्य विमा योजनेत वेतनाची सर्वसाधारण मर्यादा २१,००० रुपये असताना दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी ती २५,००० रुपये आहे, आणि या योजनेचे रुग्णालय चिंचवडच्या मोहननगरातच आहे. महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय पिंपरीत आहे आणि मोरवाडीत दिव्यांग भवनही उभे राहिले आहे. पण प्रमाणपत्रावरची टक्केवारी स्थायी दौर्बल्याची असते, आणि आज तीव्र असलेली, उद्या ओसरणारी, परवा पुन्हा हात बधिर करणारी तक्रार त्या आकड्यात सहज मावत नाही. मुलांसाठी उपचारकेंद्रे आहेत, अपघातग्रस्तांसाठी आहेत, वृद्धांसाठीही आहेत. सेरेब्रल पाल्सीसह प्रौढ झालेल्या माणसाने कोणाकडे जावे, याचे सरळ उत्तर मात्र सहजासहजी मिळत नाही.

खांदेदुखीवरचा सर्वांत सोपा सल्ला म्हणजे हाताला विश्रांती द्या. कुबड्यांवर चालणाऱ्याला हा सल्ला देणे म्हणजे चालू नका, शौचालयात जाऊ नका, कामाला जाऊ नका असे सांगणे आहे, आणि म्हणूनच उपचाराचा विचार त्याच्या संपूर्ण दिवसाचा विचार असावा लागतो. फऱ्याभोवतीचे स्नायू सावकाश बळकट करणारे व्यायाम, आवळलेले स्नायू हळुवार ताणणे, रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, मुठीचा आकार बदललेली कुबडी, काही जणांना ताठर स्नायूत दिलेले बोट्युलिनम विषाचे सौम्य इंजेक्शन, या सर्वांचा उपयोग होतो. लांबच्या अंतरासाठी खुर्ची वापरून खांदे वाचवणे ही माघार मानली जाऊ नये. ज्याने चालण्यासाठी बालपणभर व्यायाम केला त्याला ती तशी वाटते हे खरे, आणि त्याची ही खंत समजून घेतल्याशिवाय खुर्चीचा आग्रह धरणे क्रूर ठरते.

मान आणि मज्जारज्जूची शंका असेल तर एमआरआय तपासणी लागते, आणि तिच्यात बराच वेळ निश्चल पडून राहावे लागते, जे अनैच्छिक हालचाली असलेल्या माणसाला शक्य नसते; त्यासाठी गुंगी द्यावी लागते, भूलतज्ज्ञ लागतो, श्वास आणि गिळणे यांची आधी तपासणी लागते, आणि एवढी जमवाजमव करायची म्हणून तारीख पुढे ढकलली जाते. दाब काढण्याची शस्त्रक्रिया पुढची हानी थांबवू शकते, पण गेलेली शक्ती पूर्ण परत येईलच असे नाही. म्हणून पंचविशीनंतर वर्षातून एकदा, काही दुखत नसतानाही, हात किती वर जातो, बटणे लावायला किती वेळ लागतो, किती पायऱ्या न थांबता चढता येतात आणि कोणत्या बोटाला स्पर्श कमी कळतो, एवढे फिजिओथेरपिस्टने वहीत लिहून ठेवावे. मुंग्या घेऊन डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली की काय बदलले आणि केव्हा बदलले हे सांगायला तीच वही हाताशी असेल.